डमी आउटपुट: लिनक्स लॅपटॉपचा आवाज परत आणताना

लिनक्स नव्याने टाकलं. वायफाय, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, सगळं पहिल्या झटक्यात चाललं. आवाज मात्र नाही. सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसत होतं.

याचा अर्थ असा की पाइपवायरला, म्हणजे ॲप्सचा आवाज साउंड कार्डापर्यंत पोचवणाऱ्या प्रोग्रामला, खरं साउंड कार्ड सापडलेलंच नाही, आणि ॲप्सची अडचण होऊ नये म्हणून त्याने एक खोटं यंत्र उभं केलंय. इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले अजून पल्सऑडिओच्या, म्हणजे पाइपवायरच्या आधी हेच काम करणाऱ्या प्रोग्रामच्या काळातले आहेत: हे काढा, ते पुन्हा टाका. लिनक्सच्या डिस्ट्रोंपैकी, म्हणजे वेगवेगळ्या अवतारांपैकी, फेडोरा 34 ने 2021 मध्येच पाइपवायर स्वीकारलं, उबंटूने 22.10 पासून. त्या सल्ल्यांच्या नादी न लागता मी आधी दुसऱ्या एका डिस्ट्रोचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) लावून बघितला. आवाज आला! म्हणजे स्पीकर धडधाकट, भानगड सॉफ्टवेअरमध्येच.

मग थेट तळाशी गेलो. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, अल्सा हा आवाजाचा सगळ्यात खालचा थर. त्यालाच कार्ड दिसत नसेल तर वरचं पाइपवायर कितीही वेळा रीस्टार्ट करा, काय उपयोग? टर्मिनलमध्ये ‘एप्ले -एल’ दिल्यावर कार्डांची यादी यायला हवी. माझ्याकडे उत्तर आलं, एकही साउंड कार्ड नाही. कर्नलचा लॉग बघायला ‘डीमेसेज’ चालवून त्यात ‘सॉफ’ शोधलं, तर लाल अक्षरात कारण लिहिलेलंच होतं: फर्मवेअरची, म्हणजे हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल सापडली नाही.

सॉफ म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजासाठी वेगळा डीएसपी, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोसेसर, असतो आणि आतले डिजिटल माइक त्यालाच जोडलेले असतात. असे माइक दिसले की कर्नल जुना एचडीए ड्रायव्हर बाजूला ठेवून सॉफ निवडतो. पण सॉफला फर्मवेअर लागतं, आणि ते नसलं की माइकबरोबर स्पीकरही जातात.

एक पळवाट मिळाली. ‘एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी’ या कर्नलच्या मॉड्यूलला (सुट्या भागाला) ‘डीएसपी-ड्रायव्हर’ 1 असं सांगितलं की जुना ड्रायव्हर जबरदस्तीने लागतो. स्पीकर लगेच बोलू लागले. माइक मात्र गायब, कारण जुन्या ड्रायव्हरला डीएसपीपलीकडचं काही दिसत नाही. फक्त गाणी ऐकायची असतील त्याला हे पुरेल, मला व्हिडिओ कॉल करायचे होते. म्हणून ती सेटिंग काढून टाकली आणि फर्मवेअरचं पॅकेज टाकलं. डेबियनमध्ये त्याचं नाव ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’, फेडोरात ‘अल्सा-सॉफ-फर्मवेअर’, आर्चमध्ये ‘सॉफ-फर्मवेअर’. रीबूट केल्यावर स्पीकर आणि माइक दोन्ही हजर.

हेडफोन लावले तर पुन्हा शुकशुकाट. इथे ‘अल्सामिक्सर’ हा टर्मिनलमधला आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम कामी आला. तो उघडल्यावर पाइपवायरचा एकुलता एक ‘मास्टर’ पट्टा दिसतो, आणि तो बघून काहीच कळत नाही. एफ6 दाबून खरं कार्ड निवडलं की सगळे पट्टे समोर येतात. हेडफोनच्या पट्ट्याखाली ‘एमएम’ होतं, म्हणजे म्यूट. ‘एम’ दाबलं, झालं. डेस्कटॉपवरचा आवाजाचा पट्टा शंभरावर असूनही खाली असं कुलूप असू शकतं, हे कोणी आधी सांगत नाही.

उरली एक बारीक कटकट. थोडा वेळ शांत राहून गाणं सुरू केलं की ‘टक्’ असा आवाज. पाइपवायरचा जोडीदार प्रोग्राम वायरप्लंबर 5 सेकंद काही वाजलं नाही की साउंड कार्डाला झोपवतो, आणि जागं होताना ते टक् करतं. त्याच्या सेटिंगमध्ये सस्पेंड टाइमआउट 0 केला की हे थांबतं. बॅटरी किंचित जास्त जाते, पण हेडफोन कानात असताना ते टक् मला सहन होत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते 0 वरच आहे.