साठचं दशक, मुक्काम त्र्याहत्तर

गाडीची बॅटरी बदलून आणली आणि रेडिओ सगळं विसरला.

परवा दुपारी ओक ट्री रोडवर बायको 'पाच मिनिटांत येते' म्हणून मेथी आणायला दुकानात शिरली. न्यू जर्सीत एडिसनच्या त्या रस्त्यावर शनिवारी मिळालेल्या पार्किंगची किंमत इथल्या मराठी माणसाला सांगायला नको. जागा सोडायची नाही म्हणून मी गाडीतच बसलो. तिची पाच मिनिटं म्हणजे चाळीस, हा हिशेब लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पक्का झालेला. म्हटलं, तेवढ्यात बटणं लावून टाकू. गॅरेजवाल्यानं बॅटरी काढली तेव्हा सहाच्या सहा बटणांवरची चॅनेलं पुसली गेली होती. कुठलंही बटण दाबा, एकच चॅनेल. वर्गात साहेब तपासणीला आले की सगळी पोरं एकच उत्तर देतात, तसं.

बोट आपोआप सहावर गेलं. आणि आतून भलताच कुणीतरी ओरडला.

साठचं दशक, म्हणजे त्या काळातल्या गाण्यांचं चॅनेल, सहावरून उठून त्र्याहत्तरवर राहायला गेलंय, हे मला ठाऊक होतं. त्यालाही आता काही वर्षं झाली. पण ठाऊक मला आहे, बोटाला कुणी सांगितलेलं नाही.

ज्यांनी हा उपग्रहाचा रेडिओ गाडीत कधी ऐकला असेल त्यांना आठवेल, किती सुटसुटीत मांडणी होती. चौथ्या चॅनेलवर चाळीसचं दशक, पाचव्यावर पन्नासचं, सहाव्यावर साठचं, असं थेट नवव्यापर्यंत. पाढ्यासारखं. ज्या कुणी हे ठरवलं तो लहानपणी परवचा म्हणत असणार. मग आधी चाळीसची उचलबांगडी झाली. पुढे पन्नास बहात्तरवर गेलं आणि साठ त्र्याहत्तरवर. सत्तरचं दशक मात्र सातवर जागच्या जागी. म्हणजे आता त्र्याहत्तर लावलं की 1973 ची गाणी लागतील असं वाटतं, आणि लागतात 1963 ची. नातवाचं लग्न ठरलं की आजोबांची कॉट माजघरातून मागच्या पडवीत जाते ना, तसंच हे. कुणी वाईट वागत नाही. 'तिथं वारा छान येतो' असंही सांगतात.

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला अमेरिकेच्या साठच्या दशकाचं एवढं काय, असं कुणी विचारेल. मी इथं आलो 1996 साली. सकाळी ज्यांच्या गाडीतून ऑफिसला जायचो ते गृहस्थ जुनी गाणी लावायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की यातल्या कितीतरी चाली आपल्या ओळखीच्या आहेत. आमच्या लहानपणी त्या हिंदीतून वाजायच्या. मूळ मालक मला असे सव्वीसाव्या वर्षी भेटले, तेही टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हमरस्त्यावर, आणि राग यायच्या ऐवजी गावाकडचं कुणी भेटल्यासारखं झालं. पुढे स्वतःची गाडी झाली, तिच्यात हा पैसे भरून ऐकायचा रेडिओ आला, आणि सहा नंबर घरचा झाला.

पैसे भरून ऐकायचा, याचं मित्रांना फार नवल वाटायचं. मला नाही वाटलं. आमच्या घरी रेडिओचं लायसन होतं. त्याचं पुस्तक असे, ते घेऊन आजोबा दर वर्षी पोस्टात जायचे आणि शिक्का मारून आणायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं तेव्हा आजोबांना बरं वाटलं नव्हतं. फुकटची गोष्ट सरकार कधीही काढून घेईल, असं त्यांचं म्हणणं. मी पैसे भरतो तरी माझं चॅनेल हलवतातच, हे ऐकायला आजोबा राहिले नाहीत.

इथं शिक्का मारायला जावं लागत नाही, फोन करावा लागतो. वर्ष संपत आलं की पत्र येतं, पुढच्या वर्षीचा आकडा बघून चहा गार होतो. मग फोन करायचा आणि 'बंद करा' म्हणायचं. पलीकडची मुलगी हळहळते, कारण विचारते आणि भाव उतरवते. आपण गप्प राहायचं. अजून उतरतो. तुळशीबागेत दुकानाची पायरी उतरायला लागल्यावर मागून हाक येते, अगदी तीच पद्धत. एका वर्षी कारण म्हणून मी खरंच सांगितलं, "माझं साठचं दशक सहावरून हलवलंत." ती क्षणभर थांबली. तिच्या समोरच्या यादीत हे कारण नसावं. मग म्हणाली, ते त्र्याहत्तरवर आहे, सर. म्हटलं, हो, माहीत आहे.

बाकी ही माणसं रसिक आहेत यात शंका नाही. 2001 साली या रेडिओसाठी दोन उपग्रह वर सोडले, त्यांची नावं ठेवली रॉक आणि रोल. पुढच्या दोघांची रिदम आणि ब्लूज. आपण आर्यभट, भास्कर, रोहिणी ठेवतो. एखाद्याला तरी दादरा म्हणायला काय हरकत होती? शिवाय दुसरी एक कंपनी होती, तिचे तीन उपग्रह आकाशातून जमिनीवर लांबट आठचा आकडा गिरवत फिरायचे. 2008 साली दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि त्याच नोव्हेंबरात दोघांच्या चॅनेलांची मिसळ केली. काही टिकली, काही एका रात्रीत गेली. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून गाणं बरोबर माझ्या गाडीच्या टपावर उतरतं, याचं मला अजूनही कौतुक आहे. एवढं जमतं, मग एक आकडा जागेवर ठेवायला काय होतं?

नोव्हेंबरवरून आठवलं. दर वर्षी त्या महिन्यापासून इथं काही चॅनेलं नाताळच्या गाण्यांसाठी ताब्यात घेतात. मतदानासाठी झेडपीची शाळा घेतात तशी. आपण सवयीनं आत डोकावतो तर बाकं भिंतीला लावलेली आणि भलतीच माणसं बसलेली. जानेवारीत वर्ग परत मिळतो, बहुतेक.

खरं तर बटण सहा आणि चॅनेल सहा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहाव्या बटणावर त्र्याहत्तर बसवता येतं. मुलीनं मागे पाच सेकंदांत बसवून दिलं होतं आणि "झालं ना बाबा, एवढं काय त्यात?" असंही म्हणाली होती. झालं. पण दाबलं की समोर उमटतं त्र्याहत्तर. गाणं तेच, आवाज तोच, तरी भाड्याच्या घरात गणपती बसवल्यासारखं वाटतं.

हे आमच्या रक्तातच आहे. आजीचं रेडिओ सिलोन, श्रीलंकेहून हिंदी गाणी लावणारं, असंच होतं.

घरात एकच मर्फी रेडिओ, आणि त्याच्यावर दोन पक्ष. आजोबा केसकरांचे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली; शास्त्रीय संगीत लोकांच्या कानावर पडलं पाहिजे म्हणून. आजोबांना हे शंभर टक्के पटलेलं. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ते ताठ बसून ऐकत, पान लागलं तरी उठत नसत. आजीनं मात्र त्याच वर्षी काटा फिरवला तो थेट सिलोनवर, आणि विविध भारती 1957 साली सुरू झाली तरी मागे आणला नाही. "तेव्हा आम्हाला गाणी हवी होती तेव्हा कुठं होती ती?" हे ती विविध भारतीला उद्देशून म्हणायची, रागावलेल्या विहिणीसारखी. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला. रोज सकाळी जुनी गाणी, आणि आठ वाजत आले की सैगल. सैगलचा आवाज आला की मी दप्तर उचलायचं, असा घरचा नियम. घड्याळ होतं भिंतीवर, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

सिलोन सापडणं सोपं नव्हतं. शॉर्टवेव्हवर काटा केसभर हलला की चिनी बाई बोलायला लागायची. म्हणून आजीनं रेडिओच्या काचेवर, पंचवीस मीटरच्या पट्ट्यात, सिलोन नेमकं जिथं लागायचं तिथं एक टिकली लावून ठेवली होती. मेणावरच्या कुंकवाच्या काळातली बाई ती. ही चिकटवायची टिकली तिनं स्वतःसाठी कधी वापरली नाही. आत्यानं आणून दिलेलं पाकीट सगळं रेडिओसाठी. आजोबा आपल्या शनिवारनंतर काटा पुन्हा टिकलीखाली आणून ठेवायचे. केसकरांच्या पक्षातले असले तरी तेवढं ते करायचे. कधी विसरल्याचं मला आठवत नाही.

मी तिसरीत असताना रेडिओ खरखरायला लागला. दुरुस्तीला दिला. चार दिवसांनी आला तो लख्ख होऊन. दुकानदारानं प्रेमानं काच पुसली होती. आजीनं पदर कमरेला खोचला, काटा फिरवला, आणि वळून आजोबांना म्हणाली, "अहो, काच पुसायला कुणी सांगितली होती?" आजोबा म्हणाले, "अगं, आकडे आहेत की काचेवर." आकडे होतेच. पंचवीस लिहिलेलं होतं, पण त्या पंचवीसच्या आसपास सगळं जग बोलत होतं. दोन सकाळी सैगल झाला नाही. मला दोन्ही दिवस शाळेला उशीर झाला आणि दोन्ही दिवस खरं कारण सांगून मी मार खाल्ला.

आई अजून सांगलीलाच असते. तिचा प्रश्न टीव्हीचा. 2019 च्या फेब्रुवारीत ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या नियमांनी सगळ्यांना चॅनेलं निवडून घ्यायला लावली, तेव्हापासून ती कालनिर्णयच्या मागच्या बाजूला नंबर लिहून ठेवते. नंबर हलले की मागचे खोडते. आता ते पान परीक्षेच्या वहीसारखं झालंय. रविवारी फोन केला की आधी तब्येत, मग पाऊस, मग "सह्याद्री कितीवर गेलं रे?" मी कॉम्प्युटर उघडतो. सांगलीतल्या टीव्हीवर सह्याद्री कितवं आहे, हे मी न्यू जर्सीत बसून सांगतो आणि ती लिहून घेते. निम्म्या वेळा ते हललेलं नसतंच. नंबर तोच निघतो. मी तोच परत सांगतो.

मध्यंतरी बायकोनं मला तिच्या पाकिटातली एक टिकली देऊ केली होती, गमतीनं. म्हटलं, लावू कुठं? गाडीतल्या त्या पडद्यावर सगळं सरकत असतं. टिकली जागेवर राहील, खालचं जाईल.

तर परवा दुपारी, एक ते पाच बटणं रीतसर लावली. सहावं राहिलं. त्र्याहत्तर शोधून काढलं, बटण दाबून धरायचं होतं, तेवढ्यात बायको आली. मेथीच्या जुड्या पायाशी ठेवल्या, पट्टा लावला. माझं बोट गडबडीत परत सहावर पडलं आणि तो मघाचाच माणूस ओरडायला लागला.

"हे काय लावलंय?"

"सहा."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग पिशवीत डोकावली.

"कोथिंबीर राहिली की!" पट्टा सोडत ती उतरली. "थांब हं, पाच मिनिटांत येते."