नागासाकी, ऑगस्ट आणि अण्णांचा कांदा

"34 अंश? हॅट्! यात काय होतंय," जहाजावरच्या केबिनमधल्या टीव्हीवर तापमान बघून अण्णा म्हणाले. माझे वडील जळगावचे, वय 71. मे महिन्यात 45 अंश सोसलेला माणूस, त्यामुळे टोपी आणि छत्री दोन्ही केबिनमध्येच राहिलं. खिशात कांदा मात्र होता. आदल्या रात्री जहाजावरच्या गोव्याच्या वेटरकडून त्यांनी तो मागून घेतला होता.

कांदा जिन्यापर्यंतच टिकला. जपानमध्ये जहाजावरची फळं, भाज्या, मांस खाली नेऊ देत नाहीत. तिथल्या पेटीत तो टाकताना अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता.

जपानमधलं हे आमचं पहिलं बंदर, त्यामुळे दोन्ही तर्जन्यांचे ठसे आणि फोटो द्यावे लागले. अण्णांचे ठसे यंत्र घेईना. बोटं पुसा, पुन्हा ठेवा, जरा दाबा! बाहेर पडेपर्यंत सव्वादहा वाजले होते. जहाजावर परतायची वेळ साडेचारची. ग्लोव्हर गार्डन, म्हणजे ग्लोव्हर नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचं जुनं घर असलेली बाग, धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, म्हणून ते शेवटी ठेवलं आणि आधी अणुबाँबच्या स्मरणार्थ केलेलं शांती उद्यान गाठायचं ठरवलं.

ट्राममध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे. कितीही लांब जा, भाडं एकच. शिन्ची चायनाटाउनला ट्राम बदलावी लागते. थांब्यावरच्या त्या दहा मिनिटांत माझा कुर्ता पाठीला चिकटला. जळगावचं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो, म्हणून तर तिथे कूलर चालतो. इथे हवेतच इतकं पाणी की घाम वाळतच नाही, अंग निवणार कसं? थोडक्यात, मे महिन्यातली मुंबई, पण समुद्रवाऱ्याशिवाय. अण्णा गप्प झाले होते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

उद्यानात चढायला सरकते जिने आहेत, पण वर सावली कमी. अण्णा एका कठड्यावर बसले आणि म्हणाले, "जरा गरगरतंय." सकाळपासून त्यांनी दोन घोटसुद्धा पाणी प्यायलं नव्हतं. परक्या गावात लघवीला कुठे जायचं, ही त्यांची जुनी धास्ती. खरं तर इथे स्वच्छतागृहं जागोजागी आणि लख्ख असतात. मी त्यांना झाडाखाली नेलं, ओला रुमाल मानेवर ठेवला आणि पेयांच्या यंत्रातून मुगिचाची गार बाटली आणली. मुगिचा म्हणजे भाजलेल्या जवाचा चहा, ना साखर ना दूध. "हे तर बार्लीचं पाणी!" म्हणत त्यांनी दोन घोट घेतले नि बाटली खाली ठेवली. छत्रीखाली गाडी लावून बसलेल्या आजींकडून चिरिनचिरिन आईस, म्हणजे इथला सरबती बर्फाचा गोळा, घेतला. कोनावर गुलाबाच्या पाकळ्यांसारखा रचून देतात. तो मात्र त्यांनी पूर्ण खाल्ला.

जवळच 1969 साली बांधलेलं शांतीचं कारंजं आहे. 9 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी इथे अणुबाँब पडला. त्यात भाजलेले लोक पाणी पाणी करत मेले, त्यांच्यासाठी हे कारंजं. समोरच्या दगडावर एका नऊ वर्षांच्या मुलीचे शब्द कोरले आहेत. मी मोबाइलवर भाषांतर करून अण्णांना वाचून दाखवलं: तहान सोसवेना, पाण्यावर तेलासारखं काहीतरी तरंगत होतं, तरी शेवटी ती तेच प्यायली.

अण्णा काही बोलले नाहीत. बाटली मागून घेतली आणि उभ्याउभ्याच संपवली.

जवळचं अणुबाँब संग्रहालय राहिलं. त्याचं मला वाईट वाटतं, पण तेवढं चालणं त्यांना झेपलं नसतं. दुपारचे दोन तास एका वातानुकूलित दुकानात उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, खात काढले. मग इशिबाशी या ट्रामथांब्याहून तिरक्या लिफ्टने ग्लोव्हर गार्डनच्या वरच्या दाराशी पोचलो. ही लिफ्ट फुकट आहे, आणि तिथून बाग उतरत उतरत बघता येते. 1863 सालच्या ग्लोव्हरच्या घरापेक्षा अण्णांना पलीकडच्या गोदीतली 1909 सालची क्रेन जास्त आवडली.

जहाजावर पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. रात्री वेटरने विचारलं, "काका, कांदो उपयोगी पडलो?"

"पेटीत गेला," अण्णा म्हणाले. "उद्या छत्री मिळेल का एखादी?"