तिचं टेबल आवरलं आज

ऑफिसमधली आमची सहकारी वारली. तिचं टेबल दोन आठवडे तसंच ठेवलं होतं. आज आवरलं. कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

हे काम एकट्यावर सोपवू नका. दोघं हवेत: एक जवळचं माणूस, एक यादी लिहिणारं. आधी घरच्यांना विचारा, त्यांना स्वतः यायचंय का. खोकी ३ घ्या: घरी द्यायचं, ऑफिसचं, आणि ‘आत्ता ठरवता येत नाही’. तिसरं खोकं हवंच. घाईत फेकलेली चिठ्ठी परत मिळत नाही. खण पूर्ण बाहेर ओढून पाहा, कागद मागच्या फटीत अडकतात. तिथेच सापडलं लेकीनं रंगवलेलं चित्र, कोपऱ्यावर चहाचा डाग.

लॅपटॉपमधला डेटा लगेच पुसायला देऊ नका. कामाच्या फायलींत घरचे फोटो असतात, ते आधी वेगळे काढा. ईमेलला आपोआप जाणारं उत्तर लावा, त्यात पुढे कुणाशी बोलायचं ते नाव हवं.

सगळ्यात जास्त राहून जाते ती वाढदिवसांची यादी. तिथलं नाव काढलं नाही, तर ‘हॅपी बर्थडे’ सगळ्यांना जातं, आणि फार लागतं ते.

व्हॉट्सॲप ग्रुपमधून मात्र काढू नका इतक्यात. फोन घरच्यांच्या हातात असतो. ‘तुम्हाला काढून टाकलं’ हे त्यांनाच वाचावं लागतं.

थकलेला पगार, विमा, कागदपत्रं यासाठी घरच्यांशी एकानेच बोलावं. पाच जणांनी पाच फोन केले, की त्यांना तेच पाच वेळा सांगावं लागतं.

तिचा चहाचा मग तिच्याच जागेवर ठेवलाय आम्ही. धुऊन.