कापसावर पडलेला ऑइलचा थेंब

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. हिंगणघाटपासून वीस-बावीस किलोमीटरवर आमची छोटी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना आहे, आणि तेव्हा कापसाची आवक ऐन जोरात होती. गंजीतून काडीकचरा वेचणाऱ्या बायांपैकी एक मूठभर कापूस घेऊन माझ्याकडे आली. "दादा, हे पाहा बरं," म्हणाली. पांढऱ्याशुभ्र कापसावर मधाच्या रंगाचा डाग होता. बोटांना चिकटत होता आणि वास ऑइलचा होता.

ज्यांचा कापसाशी संबंध नाही त्यांना हा डाग किरकोळ वाटेल. पण ऑइल लागलेला कापूस रेच्यातून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रातून गेला की त्याची रुई १७० किलोच्या गाठीत बांधली जाते आणि मग हाताला सापडत नाही. सूतगिरणीत धाग्यावर डाग दिसतो तेव्हा व्यापारी त्या एका गाठीपुरता बोलत नाही, पूर्ण लॉटचा भाव पाडतो. शेतकऱ्याने पोराबाळांसह वेचून आणलेला माल आमच्या आवारात खराब व्हावा, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

डाग कुठून आला हे शोधायला वेळ लागला नाही. आमच्याकडे एक जुना स्किड स्टीअर लोडर आहे. गावात सगळे त्याला छोटी जेसीबी म्हणतात. चारही चाकं सरळच असतात. एका बाजूची चाकं पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवून तो जागच्या जागी वळतो, म्हणून गंजी आणि शेडमधल्या चिंचोळ्या जागेत त्याच्याशिवाय जमत नाही. आम्ही तो एका ठेकेदाराकडून जुना घेतला होता. मीटरवर ६,४०० तास होते.

त्या दिवशी ऑपरेटर पोराला विचारलं, ऑइल किती टाकतोस? तो सांगायला कचरत होता, पण खरं बोलला. नऊ दिवसांत २० लिटरची एक पूर्ण बकेट गेली होती. म्हणजे दिवसाला दोन लिटरच्या वर.

मी जमिनीवरचे थेंब मोजायला बसलो. पाच-सहा सेकंदांना एक थेंब पडत होता. एक मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब पडला तरी आठ तासांत दीड लिटरच्या आतच ऑइल जातं. आमच्या थेंबांचा हिशेब पावशेर-दीडपावाच्या वर जात नव्हता. मग बाकीचं ऑइल जात कुठे होतं? पुढचे दहा दिवस मी याच एका प्रश्नामागे होतो.

सुरुवात मात्र मी चुकीची केली. लोडरची पुढची बकेट उचलणारा लोखंडी हात म्हणजे बूम, आणि तो ऑइलच्या दाबाने वर ढकलतो तो जॅक. मिस्त्रीकाकांनी त्या जॅकच्या दांड्यावरून बोट फिरवलं, ओलं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "भाऊ, सील गेलं हाय. दुसरं काई नाई." मलाही ते पटलं. सील किट मागवलं, जॅक खोलला, नवीन सील बसवलं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दांडा पुन्हा ओला आणि टाकीतलं ऑइल पुन्हा खाली.

तेव्हा मी मोठ्या मामांना फोन लावला. ते वणीकडच्या कोळसा खाणीत डंपर दुरुस्तीवर होते, आता निवृत्त आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं, "धुतली का?" मी म्हटलं, नाही. "मंग कायले खोलून राहिला? चिखलात लोळलेल्या बैलाची जखम दिसते का? अगोदर धू. ऑइल जिथं टपकते तिथून ते निंगत नाई."

पोटाखालच्या प्लेटा काढल्या तेव्हा मामांचं म्हणणं समजलं. ऑइल, माती आणि कापसाची रुई मिळून आत बोटभर जाडीची गादीच जमली होती. खरवडून काढली तर चार घमेली भरली. हरवलेल्या ऑइलपैकी बरंचसं तिथे सापडलं. पण ते पाहून मला आनंद झाला नाही, पोटात गोळा आला. सायलेन्सरपासून हातभर अंतरावर ऑइल प्यायलेली रुई, आणि ते यंत्र दिवसभर कापसाच्या गंजीत तोंड खुपसून काम करतं. जिनिंगमध्ये आग कशी लागते हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून पोटाखालची प्लेट दर आठवड्याला उघडलीच जाते.

धुण्याआधी अल्टरनेटर आणि वायरिंगची कनेक्शनं प्लास्टिकने बांधली. मग गरम पाणी आणि कपड्याच्या सोड्याने सगळं घासलं, प्रेशरच्या पाण्याने धुतलं, कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवलं. यात एक दिवस गेला, पण तो कारणी लागला.

मामांनी फोनवर पुढची तपासणी सांगितली. ती इथे सविस्तर लिहितो, कारण बरेच जण ती टाळतात आणि सरळ पाना हातात घेतात. पहिलं म्हणजे, हे ऑइल नक्की कोणतं? इंजिन ऑइल काळं असतं, डिझेल वासावरून ओळखू येतं, आणि ज्याच्या दाबावर बूम आणि चाकं चालतात ते हायड्रॉलिक ऑइल मधाच्या रंगाचं. आमचं हायड्रॉलिकच होतं. ते दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. फेसही नव्हता, म्हणजे पंपाच्या सक्शनकडून, जिथून तो टाकीतलं ऑइल ओढतो तिथून, हवा ओढली जात नव्हती. सक्शनची गळती फसवी असते. बाहेर थेंब पडत नाही, आत हवा शिरते आणि पंप रडल्यासारखा आवाज करतो.

दुसरं म्हणजे, ऑइल मशीनच्या पोटातच कुठे जिरत नाही ना? या लोडरमध्ये दोन्ही बाजूंना चेन केस असतात. हायड्रॉलिक मोटर चेन फिरवते आणि चेन चाकं. मोटरच्या शाफ्टचं सील गेलं तर ऑइल बाहेर न येता चेन केसमध्ये साचतं. दोन्हीकडचे लेव्हल प्लग उघडले. ऑइल भसाभस बाहेर आलं असतं तर चोर तिथेच सापडला असता. उजवीकडची लेव्हल बरोबर होती, डावीकडे अगदी थोडं जास्त निघालं. ते वहीत लिहून ठेवलं. इंजिनच्या डिपस्टिकवरही लेव्हल वाढलेली नव्हती. म्हणजे उरलेलं ऑइल बाहेरच जात होतं.

आता केबिन उचलून आत पाहायचं होतं. या कामात जीव जाऊ शकतो. बूम वर घेतल्यावर त्याचा लोखंडी आधार लावल्याशिवाय कुणीही केबिनखाली वाकायचं नाही, हा नियम मी त्या दिवशी चुन्याने भिंतीवर लिहिला. होज फुटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला, तर बूम खाली यायला क्षणही लागत नाही.

लिव्हरप्रमाणे ऑइल इकडे-तिकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकच्या सगळ्या जोडांवर घरची टाल्कम पावडर भुरभुरली. केबिन खाली घेतलं, ऑपरेटरने दहा मिनिटं मशीन चालवलं, बंद केलं, पुन्हा आधार लावून केबिन उचललं. एका जोडाखाली पावडरीवर ओलसर रेघ उतरली होती. तो जोड मिस्त्रीकाकांनी याआधी तीन-चारदा आवळला होता. पण त्यात सपाट तोंडावर ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी बसते आणि ऑइल अडवण्याचं काम ती ओ-रिंग करते, आवळण्याचा जोर नव्हे. खोलून पाहिलं तर ती चपटी होऊन प्लास्टिकसारखी कडक झाली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात गरम ऑइलमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं रबर मऊ राहणार तरी कसं? नवीन ओ-रिंग बसवली आणि तो जोड कोरडा झाला.

पण टाकी अजूनही उतरत होती. पूर्वीपेक्षा कमी, दिवसाला दीड लिटरच्या आसपास. आणि जॅकचा दांडा पुन्हा ओला.

पुढचा धागा मात्र कापसाने दिला. धुतलेल्या मशीनवर दोन दिवसांत रुईचा पातळ थर बसला होता. सगळीकडे तो कोरडा, फुंकर मारली की उडणारा. फक्त मागच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला आणि डाव्या खांबावर तो ओला होऊन चिकटला होता. तिथे थेंब किंवा ओघळ दिसत नव्हता, नुसता शिडकावा होता. म्हणजे कुठूनतरी ऑइल धुक्यासारखं उडत होतं आणि पंख्याचा वारा ते पसरवत होता. जॅकचा दांडाही त्याच धुक्याने ओला होत होता. चांगलं सील आम्ही उगाच बदललं होतं.

सकाळच्या थंडीत मशीन चालू करून पाहिलं, काही दिसलं नाही. नुसत्या आयडलवरही नाही. मामा म्हणाले, ऑइल गरम होऊन पातळ होऊ दे आणि दाब चढू दे, मंग पाह्य. बूम पूर्ण वर गेल्यावरही लिव्हर ओढून धरला की दाब, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चढतो. तो आकडा २,५०० पीएसआयच्या आसपास असतो. कारच्या चाकात हवा भरतो तेव्हा तोच आकडा तीस-पस्तीस असतो, यावरून अंदाज यावा.

म्हणूनच इथे थांबून सांगतो: गळती हाताने कधीही चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली ती धार कातडी भेदून आत शिरते, हातमोज्यालाही जुमानत नाही. सुरुवातीला फक्त टोचल्यासारखं होतं, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजतो. त्यावर घरगुती मलम चालत नाही, तातडीने शस्त्रक्रियाच लागते. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. आमच्या आवारातून सेवाग्रामचा दवाखाना गाठायला तास-सव्वा तास लागतो. कुणाला असं झालंच, तर जखम छोटी दिसते म्हणून घरी थांबू नका आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की दाबाखालचं ऑइल आत गेलं आहे.

आम्ही पाच फुटी बांबूच्या टोकाला पुठ्ठा बांधला. ऑपरेटर केबिनमध्ये पट्टा लावून बसला, बाकी सगळे लांब. मी चष्मा लावून मागच्या उघड्या दरवाज्यापासून अंतर ठेवून बाजूला उभा राहिलो आणि बांबू आत धरला. अर्धा तास काम करून ऑइल चांगलं तापलेलं होतं. बूम वर गेला, त्याने दोन सेकंद लिव्हर ओढून धरला. पुठ्ठ्यावर करकटकाने ओढावी तशी बारीक काळपट रेघ उमटली. लिव्हर सोडला की धार बंद. पुन्हा धरला, पुन्हा रेघ.

डाव्या खांबाच्या आतून बूमच्या जॅककडे जाणारा लोखंडी पाईप होता. त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमधलं रबर झिजून केव्हाच गळून पडलं होतं. लोखंडावर लोखंड घासत राहिलं आणि नेमकं क्लॅम्पच्या खाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे पाईप चमकेपर्यंत झिजून त्याला छिद्र पडलं. ऑपरेटर पोरगा कितीतरी वेळ तो पुठ्ठा हातात घेऊन बघत राहिला होता.

मिस्त्रीकाका म्हणाले, "पितळ भरून देतो, अर्ध्या घंट्याचं काम हाय." त्यांचा हात चांगला आहे, पण मी नको म्हटलं. भिंत झिजून पातळ झालेल्या पाईपला एका जागी पितळ भरून काय होणार? तो शेजारी फुटेल, आणि तेव्हा जवळ कोण उभं असेल ते सांगता येत नाही. काकांना थोडं वाईट वाटलं. मामांशी त्यांचं फोनवर बोलणं करून दिलं, मग पटलं.

बूम पूर्ण खाली, बकेट जमिनीवर टेकलेली, इंजिन बंद, चावी चालू करून लिव्हर दोन-चारदा हलवून दाब सोडला. तरीही नट हळूहळू सैल केले. उघड्या तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. जिनिंगमध्ये चिंधी कोंबायची सवय असते, पण एक धागा आत गेला तरी व्हॉल्व्ह अडकू शकतो. जुना पाईप नमुना म्हणून घेऊन मी स्वतः नागपूरला गेलो, सीमलेस नळीचा तसाच पाईप वाकवून घेतला आणि रबर असलेले दोन क्लॅम्प आणले. फिल्टर बदलला. टाकीतलं ऑइल कुणी कधी कुठल्या नंबरचं मिसळलं होतं कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळं काढून मॅन्युअलप्रमाणे नवीन भरलं. बूम रिकामाच आठ-दहा वेळा सावकाश वरखाली करून हवा काढली आणि बूम खाली असताना लेव्हल पाहिली.

त्या रात्री मशीनखाली कोरा पुठ्ठा अंथरला. सकाळी तो कोराच होता.

मार्चमध्ये हंगाम संपेपर्यंत एकूण दोन लिटर ऑइल टाकावं लागलं. तेवढं डाव्या चेन केसमध्ये जात असावं, कारण तिथली लेव्हल आता प्लगच्या वर आली आहे. डावी मोटर मे महिन्यात, जिनिंग बंद असताना खोलायची ठरली आहे. सीलचा नंबर मिस्त्रीकाकांनी आधीच लिहून घेतलाय. शेडच्या पत्र्यावर ऑपरेटर पोरगा रोज सकाळी खडूने तारीख आणि टाकीची लेव्हल लिहितो, आणि वेचणाऱ्या बायाही गंजीकडे जाता जाता ती वाचतात.