रोजचे वाचन, रोजचे पान: पावसाळ्यापासूनची प्रगती

पावसाळ्यात सुरू केलेल्या लेखनसरावाची ही पुढची नोंद आहे. सकाळी चांगल्या गद्याची दोन-तीन पाने सावकाश वाचायची आणि रात्री स्वतःचे एक पान लिहायचे, हा क्रम अजून चालू आहे. रत्नागिरीत पुस्तकांची ददात नाही. येथील जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे, म्हणजे पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले त्याच्याही आधीचे आहे.

नुसत्या वाचनाने भाषेची ओढ वाढते, पण हात तयार होत नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे. वाचन आणि लेखन यांच्यामध्ये एक दुवा लागतो आणि तो मला बेंजामिन फ्रँकलिनच्या पद्धतीत सापडला. बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत असताना हा मुलगा ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातले निबंध घेई, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवी, काही दिवस जाऊ देई आणि मग मूळ मजकूर न पाहता त्या टिपणांवरून सबंध निबंध पुन्हा लिहून तो मुळाशी ताडून पाही. या ताडून पाहण्यातच सारे शिक्षण आहे. आपण जेथे ‘होते’ लिहून थांबलो तेथे मूळ लेखकाने नेमके क्रियापद योजलेले असते, आणि आपण तीन वाक्यांत सांगितलेली गोष्ट त्याने एका ‘जेथे–तेथे’च्या वाक्यात सहज बसवलेली असते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्यामुळे लागोपाठची वाक्ये ‘आहे’ किंवा ‘होते’वर संपू लागली की परिच्छेद एकसुरी होतो, हे मोठ्याने वाचले की लगेच कानाला जाणवते.

रात्रीच्या पानासाठी मी रोज नवा विषय शोधत नाही. काजळी नदी जेथे समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी, संध्याकाळी ठरलेल्या एकाच वेळी पाहायची आणि लिहायची, एवढेच ठरवले आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येत असल्यामुळे त्याच वेळी पाहिलेली खाडी दुसऱ्या दिवशी तशी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास संध्याकाळी ओहोटीने चिखल उघडा पडतो, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीच्या दिवसांत, त्याच वेळी पाणी काठाकडे चढलेले असते. पंधरवड्याने पाण्याची स्थिती जवळजवळ पहिल्यासारखी होते. म्हणून अमावास्येचे पान पौर्णिमेच्या पानाशेजारी ठेवले की विषय तोच राहतो आणि लेखनात काय बदलले तेवढेच उठून दिसते. सरावाची प्रगती मोजण्याचे याहून चांगले साधन मला ठाऊक नाही, आणि ते आपल्या किनाऱ्यावर प्रत्येकाला उपलब्ध आहे.

श्रावणातल्या पानांवर ‘रम्य’, ‘विशाल’, ‘विलोभनीय’ अशी विशेषणे जागोजागी आहेत. कार्तिकापासून त्यांची जागा नामांनी घेतली: तिवरांची उघडी मुळे, एका बाजूला कललेली होडी, चिखलात वाकून तिसऱ्या म्हणजे खाण्याच्या शिंपल्या गोळा करणाऱ्या बायका. ‘समुद्र खवळलेला होता’ याऐवजी ‘लाटा धक्का ओलांडून रस्त्यावर पडत होत्या’ असे वाक्य आता मुद्दाम न शोधताही येते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. विशेषण लिहिणाऱ्याचे मत सांगते. क्रियापद आणि नाम वाचणाऱ्याला ती जागा दाखवतात. पानांची लांबीही कमी झाली आहे, परंतु ती मी मुद्दाम आटोक्यात ठेवलेली नाही.

दीर्घ वाक्याची उभारणी मात्र अजून संथपणे पुढे सरकते आहे. फ्रँकलिन आपली टिपणे मुद्दाम विस्कटून ठेवी आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावण्यापासून सुरुवात करी. विचारांची मांडणी शिकण्याचा हा त्याचा मार्ग होता. येत्या अमावास्येपासून मीही तेच करणार आहे: एका निबंधाची टिपणे सुट्या चिठ्ठ्यांवर काढून मिसळायची, पौर्णिमेला त्यांचा क्रम लावून निबंध लिहायचा आणि मगच मूळ पुस्तक उघडायचे. ज्यांनी ही पद्धत मराठी गद्यावर करून पाहिली असेल, त्यांनी कोणत्या प्रकारचे निबंध निवडले ते अवश्य कळवावे.