मेडिकाच्या सीमेवर गाड्यांची यादी सांभाळताना

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला केला तेव्हा मी नोकरीनिमित्त पोलंडमधल्या क्राकूवला राहत होतो. ऑफिसातल्या पोलिश सहकाऱ्यांनी लगेच गाड्या भरून पूर्वेचा रस्ता धरला, आणि त्यांच्यातल्या एकाच्या गाडीत मीही बसलो. सुमारे अडीचशे किलोमीटरवर प्शेमिशल हे शहर लागतं आणि त्याच्याही पुढे अगदी सीमेवर मेडिका. पलीकडे युक्रेनचं शेहिनी. युद्धाआधी पोलंड-युक्रेन सीमा पायी ओलांडायची सोय असलेली ही एकच चौकी होती. ज्यांच्याकडे गाडी नाही ते इथूनच येणार, हे स्पष्ट होतं.

आले ते बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे नवरे आणि थोरली मुलं पलीकडेच थांबत. पलीकडची रांग काही जणांच्या बाबतीत दिवसभराहूनही लांबली होती, तीही गोठवणाऱ्या थंडीत. अलीकडे तंबू, गरम सूप, चहा, सामान वाहायला सुपरमार्केटच्या ट्रॉल्या, सगळं लोकांनीच उभं केलं होतं. कपड्यांचे तर रस्त्याकडेला ढीग लागले होते. पण खांद्यावर मूल आणि हातात बॅग घेऊन आलेल्या बाईला जास्तीचा कोट नको असतो. ती विचारायची, ही बस कुठे जाते? फोन कुठे चार्ज होईल? रात्री झोपायचं कुठे?

एक आजी नातवाला घेऊन आल्या. भाचीचा ग्दान्स्कचा पत्ता फोनमध्ये, आणि फोन बंद पडलेला. पॉवर बँक लावून आम्ही तिथेच उभे राहिलो. फोन सुरू व्हायला वेळ लागला, तेवढ्यात ग्दान्स्कला निघालेला एक ड्रायव्हर गाडी भरून निघूनही गेला. सीमेवर खरी टंचाई कसली आहे, ते मला तेव्हा नीट कळलं. जागा होत्या, माणसं होती, पण कोणाला कुठे जायचंय आणि कोण कुठे चाललंय याची एकत्र नोंद कुठेच नव्हती.

म्हणून मी तेच काम धरलं. सुरुवातीला ड्रायव्हर पुठ्ठ्यावर गावाचं नाव लिहून उभे राहत. बहुतेक भले लोक, तरीही रात्री एकट्या बाईला मुलीसह अनोळखी गाडीत बसवायचं, हे मला मान्य होईना. फसवून नेणाऱ्यांची भीती सगळ्यांच्याच मनात होती. आमच्या तंबूत आम्ही एक स्प्रेडशीट केली: ड्रायव्हरचं नाव, लायसन्स, गाडीचा नंबर, कुठे जाणार, किती जागा, सोबत कोण बसलं. गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो त्या बाईच्याच फोनमध्ये काढून ठेवायचा आणि पोचल्यावर आम्हाला मेसेज. नोंद द्यायला जो नाही म्हणेल, त्याच्या गाडीत कोणालाही बसवायचं नाही. यावर काही जण चिडायचे. चिडू दे. पुढे प्शेमिशलमधल्या टेस्कोच्या बंद पडलेल्या दुकानात मोठं मदत केंद्र उभं राहिलं. तिथे ड्रायव्हरांची रीतसर नोंदणी सुरू झाली आणि कोणत्या देशात जायचंय त्यानुसार लोकांना वेगवेगळ्या भागांत बसवू लागले. तेव्हा जिवात जीव आला.

पहिल्या काही दिवसांत आपली मुलंही याच वाटेने येत होती, वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली. पोलंडने त्यांना व्हिसाशिवाय १५ दिवसांसाठी प्रवेश दिला होता आणि भारतीयांना मायदेशी नेणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’ची विमानं पोलंडमधल्याच झेशुफ शहरातून सुटत होती. पण थकलेल्या पोराला सीमेवरून झेशुफला जायचं कसं, हे सांगणारं कोणी हवंच ना? लातूरकडची एक मुलगी माझ्याशी आधी हिंदीत बोलली, मी मराठीत उत्तर दिल्यावर तिथेच खाली बसून रडली. “दादा, आधी पप्पांना फोन लावून द्या.” मी फोन लावला, “काका, मुलगी पोलंडमध्ये आहे, सुखरूप आहे,” एवढं सांगून तिच्या हातात दिला. तिला बसमध्ये बसवलं, यादीत नाव घातलं आणि पुढचं नाव घेतलं.

मी कोल्हापूरचा. तसं सांगितल्यावर एका वयस्क पोलिश ड्रायव्हरने लगेच वळिवड्याचं नाव काढलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, आमच्या शहराजवळच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. त्या माणसाने माझा हात बराच वेळ सोडला नाही. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या व्हॅनमध्ये एका कुटुंबाचं सामान चढवलं.

एप्रिलपासून मेडिकाला परतणाऱ्यांचीही रांग दिसू लागली. कीव्हभोवतालून रशियन सैन्य हटलं होतं आणि लोकांना घरी जायचं होतं. आम्ही स्प्रेडशीटमध्ये दुसरं पान उघडलं: युक्रेनमधल्या ल्विव्ह शहराच्या बस कधी सुटतात, प्शेमिशलहून रेल्वेगाडी कोणती, पलीकडे उतरवून घ्यायला कोण येणार आहे. आठवडाभर काम करणारे स्थानिक स्वयंसेवक तिथे होतेच; ती यादी त्यांच्या हाती दिली आणि मी शनिवार-रविवारपुरता त्यांच्या हाताखाली काम करू लागलो.