कलमं कुणाची आणि हंडे कुणाचे

जव्हार-मोखाड्याकडे वाडीच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीवर छोटी फळबाग उभी करायच्या, कामाला लागलो तेव्हा पहिल्या मीटिंगमध्ये मी फुल थाटात कृषिवनीकरण, म्हणजे शेतात पिकांसोबत झाडंही वाढवणं, काय असतं ते सांगत होतो. मागून एक आजी म्हणाल्या, बांधावरचा ऐन आम्ही राबासाठीच राखलाय, तो काय मग? विषयच संपला. ऐनाच्या फांद्या छाटायच्या, त्या जाळून राब भाजायचा, त्यावर भात-नागलीची रोपं करायची, हे पिढ्यान् पिढ्या चालूय, आपण फक्त नाव शोधलं.

वाडीचं गणित कागदावर मस्त दिसतं. एकरात 10 बाय 10 मीटरवर आंब्याची 40 कलमं, कडेनं बांबू, शेवगा, आणि झाडं मोठी होईपर्यंत मधे नागली-वरई, पाणी असेल त्याच्याकडे मोगरा. पण पावसाळ्यात धो धो पडणारं पाणी सगळं ओढ्यानं खाली जातं आणि फेब्रुवारी-मार्चपासून कलमं जगतात ती डोक्यावरच्या हंड्यांवर. हंडा बाईच्या डोक्यावर आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून कलमं त्याच्या नावावर, ट्रेनिंगलाही तोच जाणार, चहा-नाश्ता करून येणार.

आणि सगळ्यात गरीब घरं तर दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, भिवंडी-वसईकडे, पोराबाळांसकट. मे महिन्यात आम्ही जिवंत झाडं मोजायला गेलो की त्यांच्याच वाडीत काटक्या उभ्या. मी स्वतः रजिस्टरमध्ये "लाभार्थी उदासीन" असं लिहिलंय, आता आठवलं तरी लाज वाटते. अहो, पाणी घालायला माणूस गावात तर पाहिजे ना!

आता आधी विचारतो, उन्हाळ्यात घरी कोण असणार? कुणीच नसेल तर 40 च्या जागी 15 कलमं, घराजवळ, आणि शेजारच्या चारपाच घरांनी मिळून पाणी घालायचं, त्याची मजुरी धरायची (यावरून ऑफिसात बरीच वादावादी झाली, असो). कातकरी कुटुंबांकडे तर जमीनच नाही, त्यांना झाडं वाटून काय उपयोग, म्हणून कोया रुजवण्यापासून कलम बांधण्यापर्यंत रोपवाटिकेचं काम त्यांच्या गटाला दिलं. कलमं तेच विकतात.

वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा कागद, नवराबायको दोघांच्या नावावर द्यायचा असं 2006 च्या कायद्यातच आहे, मग वाडीच्या बोर्डावर एकच नाव का? यंदा दोन्ही लिहायला सांगितली. पेंटरनं तिचं नाव खाली, कोपऱ्यात, एवढंसं काढलं. परत रंगवून घेतलं.